बर्फातलं अस्वल आणि आमचा उन्हाळा

थंडी म्हटलं की आम्हा खानदेशी माणसांना आठवतं ते वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी आणि शेकोटी. पारोळ्यात पारा दहाच्या खाली गेला की लोक कानाला मफलर गुंडाळून "यंदा भारीच गारठा" म्हणत फिरतात. अशा गावात वाढलेल्या माणसाने फेब्रुवारीत मुद्दाम होक्काइदोला जाणं म्हणजे जरा अतीच! पण नोकरीमुळे तोक्योत राहतो, विमानाने सापोरो दीड तासावर. म्हटलं, जाऊन तरी बघू.

सापोरो हे जवळजवळ वीस लाख वस्तीचं शहर. एका हिवाळ्यात तिथे साधारण पाच मीटर बर्फ पडतो. पाच मीटर म्हणजे आमच्या घराची गच्ची! तो एकदम साचत नाही, सतत उचलून टाकावा लागतो. पूर्वी शहरातल्या ओदोरी बागेत असा उचललेला बर्फ आणून टाकत. १९५० साली शाळेच्या मुलांनी तिथेच बर्फाचे सहा पुतळे केले आणि त्यातून आजचा हिमोत्सव सुरू झाला. १९५५ पासून सैन्यदलाचे जवानही मदतीला आले आणि पुतळे इमारतीएवढे व्हायला लागले. उत्सव संपला की यंत्रं लावून सगळं पाडून टाकतात. गणपती विसर्जनाची सवय असलेल्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, पण मला वाटलं ते वेगळंच. जी गोष्ट डोक्याला ताप होती, तिचीच या लोकांनी जत्रा केली!

तिथून रेल्वेने ओतारूला गेलो. समुद्रकाठचं जुनं बंदर, १९२३ साली पुरा झालेला कालवा आणि काठावर दगडी गोदामं. इथे काचेच्या वस्तूंची दुकानंच दुकानं. पूर्वी इथले कारागीर रॉकेलचे दिवे आणि मासेमारीच्या जाळ्यांना बांधायचे काचेचे पोकळ गोळे करत. मग वीज आली, दिवे गेले. प्लास्टिक आलं, गोळे गेले. काच मात्र राहिली, पर्यटकांच्या पिशवीत शिरून. फेब्रुवारीतल्या दीपोत्सवात तेच काचेचे गोळे मेणबत्त्या लावून कालव्यात तरंगत सोडतात. बोटं बधिर झाली होती, तरी तिथून पाय निघेना.

आता खरेदी. जपानमध्ये गावाला गेलेला माणूस रिकाम्या हाताने परत येत नाही. ऑफिसात, शेजारी, सगळ्यांना त्या गावचं काहीतरी द्यायचं. याला ओमियागे म्हणतात. पूर्वी गावातली माणसं वर्गणी काढून दोघाचौघांना इसेच्या देवळाच्या यात्रेला धाडत आणि ती परत येताना सगळ्यांसाठी काहीतरी घेऊन येत. वाचताना मला आमच्याकडचे चैत्रात वणीला पायी जाणारे लोक आठवले. परत आले की गल्लीतल्या प्रत्येक घरी प्रसाद पोचायचा. आणि आमच्या गल्लीत प्रश्नही ठरलेला: "आमनासाठे काय लई उना?"

तर मार्चमध्ये गावी जायचं होतं, म्हणजे यादी मोठी. होक्काइदोची सगळ्यात प्रसिद्ध भेट म्हणजे 'शिरोई कोइबितो', पांढऱ्या चॉकलेटची बिस्किटं, १९७६ पासूनची. पण त्यात अंडं असतं, म्हणजे माय हातसुद्धा लावणार नाही. मऊ साईचं चॉकलेट घ्यावं तर ते थंडच ठेवावं लागतं. जळगावच्या स्टेशनवर उतरेपर्यंत त्याची कढी! शेवटी मायसाठी काचेची छोटी समई शोभेल अशी दिवली, वहिनीसाठी काचेचे मणी, पोरांसाठी हातमोजे घेतले.

दादासाठी काय घ्यावं ते मात्र सुचेना. तो कोरडवाहू कापूस करतो. जानेवारीत वेचणी आटोपली की जूनपर्यंत शेत मोकळं. फोनवर त्याने एकच विचारलं होतं, "एवढ्या बर्फात तिथले शेतकरी करतात काय रे?"

उत्तर दुकानातच सापडलं. लाकडात कोरलेलं अस्वल. होक्काइदोत याकुमो नावाचं गाव आहे. नागोयाकडच्या ओवारी घराण्याच्या जुन्या सामुराईंनी १८७८ नंतर वसवलेलं. त्या घराण्याचे प्रमुख तोकुगावा योशिचिका १९२१-२२ मध्ये युरोपला गेले. स्वित्झर्लंडमध्ये शेतकरी हिवाळ्यात लाकूड कोरून पैसे मिळवतात हे त्यांनी पाहिलं आणि नमुन्याला एक अस्वल आणलं. १९२४ साली याकुमोत हस्तकलेचं प्रदर्शन भरलं, त्यात पहिलं अस्वल मांडलं गेलं. पुढे असाहिकावाच्या आइनू कारागिरांनीही अस्वलं कोरली, तीही नावाजली. आज होक्काइदोची निशाणी म्हणून जे घराघरात आहे, ते बंद पडलेल्या शेतीच्या महिन्यांतून आलं.

पारोळ्याला अस्वल दादाच्या हातात दिलं आणि ही सगळी कथा सांगितली. मोठ्या उत्साहाने, हे वेगळं सांगायला नको. त्याने अस्वल उलटं-सुलटं करून पाहिलं आणि म्हणाला, "लाकूड कोरायला माणूस शिकेल रे. पण ह्यांच्या पाठीशी तो मोठा माणूस उभा होता. आम्ही कोरलं तर घ्यायला कोण येणार?"

मला उत्तर देता आलं नाही. अजूनही येत नाही.

वहिनी तेव्हा अंगणात खाटेवर बिबडे घालत होती. आमच्या उन्हाळ्यात रिकामे महिने पुरुषांना असतात, बायकांना नसतात. पापड, कुरडया, बिबडे... ४४ अंशाच्या ज्या उन्हाला आपण शिव्या देतो, त्याच उन्हात हे सगळं वाळतं. त्याचे पैसे मात्र कोणी मोजत नाही, कारण ते विकलं जात नाही, वाटलं जातं. निघताना तिने चार डझन दिले, ते मी तोक्योच्या ऑफिसात भाजून, एकेक वेगळा कागदात गुंडाळून वाटले. "कुठे मिळतात?" असं तिघांनी विचारलं.

हे तीन म्हणजे बाजारपेठ नव्हे, हे मलाही कळतं. पण वहिनीला फोनवर सांगितलं. ती हसली, आणि मग किंमत काय सांगायची म्हणून दादाला हाक मारली.