तो काही करत नाही!

आमच्या घरी मोती नावाचा कुत्रा आहे. मुलीने भर पावसात गटाराच्या कडेचे पिल्लू उचलून आणले आणि तो घरचा झाला. पहाटे पाच वाजता आम्ही त्याला फिरवायला नेतो. नेतो म्हणजे, पट्टा आमच्या हातात आणि कुत्रा पन्नास पावले पुढे मोकळा, असा आमचा रिवाज होता. कोणी घाबरून थांबले की आम्ही लांबूनच ओरडायचो, “घाबरू नका, तो काही करत नाही!”

गेल्या पावसाळ्यात एका पहाटे रस्ता झाडणाऱ्या मावशींच्या अंगावर मोती धावून गेला. खराट्याच्या आवाजाने बिथरला असावा. मावशी मागे सरकताना पडल्या. मनगट मुरगळले आणि घोट्याजवळ दात लागून रक्त आले. आम्ही धावत गेलो तेव्हा सवयीने तोंडातून तेच वाक्य निघाले. मावशी म्हणाल्या, “भाऊ, तो काही करत नाही हे तुम्हाला माहीत. मला कुठं माहीत?”

इतकी वर्षे सभांमधून भाषणे करणाऱ्या आमच्याकडे या प्रश्नाला उत्तर नव्हते.

जखम नळाखाली धरून पंधरा मिनिटे साबणाने धुतली आणि मावशींना सरकारी रुग्णालयात नेले. रक्त आले होते, म्हणून लसीबरोबर जखमेत सिरमही द्यावे लागले. डॉक्टरांनी विचारले, “कुत्र्याला रेबीजची लस दिली आहे का?” पहिल्या वर्षी दिली होती. पुढे दरवर्षी द्यायची, ती आमच्या आळसाने राहून गेली होती. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते, हे ठाऊक असूनही राहिली होती. सुदैवाने पुढचे दहा दिवस मोती धडधाकट राहिला. पण मावशींच्या रुग्णालयाच्या फेऱ्या काही टळल्या नाहीत. त्या ठेकेदाराकडे कामाला आहेत. खाडा पडला की त्या दिवसाचा पगार बुडतो. ठेका पद्धतीविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या आमच्याच कुत्र्यापायी एका सफाई कामगार भगिनीचे खाडे पडले.

खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. मावशींनी कोणाकडे आमचे नाव घेतले नाही. वस्तीत बोलबाला झाला की भटक्या कुत्र्यांनी त्यांना चावले. चार माणसे जमली, या कुत्र्यांना उचलून न्या असा अर्ज महापालिकेला द्यायचे ठरले, आणि अर्ज लिहायचे काम नेहमीप्रमाणे आमच्याकडे आले. आम्ही दोन ओळी लिहिल्यासुद्धा. तेवढ्यात आमच्या सौ. म्हणाल्या, “अहो, अर्जात आपल्या मोतीचं नाव घातलंत का?”

लेखणी तिथेच थांबली. आम्हाला कुक्कुर जातक आठवले. जातककथा आपण पुनर्जन्माचा पुरावा म्हणून नव्हे, नीतीची गोष्ट म्हणून वाचतो. वाराणसीच्या राजाच्या रथाचे चामडे कुत्र्यांनी खाल्ले. राजाने हुकूम सोडला की दिसेल तो कुत्रा मारा, फक्त राजवाड्यातले जातिवंत कुत्रे सोडा. तेव्हा स्मशानात राहणारा एक कुत्रा राजासमोर उभा राहिला. त्याने राजवाड्यातल्या कुत्र्यांना ताकातून गवत पाजायला लावले आणि चामडे त्यांच्याच पोटातून बाहेर पडले. अपराध महालातला आणि शिक्षा रस्त्यावरच्याला! हा न्याय आपल्या समाजाने पिढ्यानपिढ्या भोगला आहे. तोच आम्ही स्वतःच्या अक्षरात लिहीत होतो.

आम्ही तो अर्ज फाडला. रविवारी विहारात वंदना झाल्यावर सर्वांसमोर सांगितले की चावला तो आमचा कुत्रा. मावशींचे बुडालेले पैसे भरून देऊ लागलो तेव्हा त्या म्हणाल्या, “पैसे द्या, पण आधी त्याच्या गळ्यात दोरी घाला.”

बंधू-भगिनींनो, २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. जिथे जनावरांना मज्जाव नव्हता तिथे माणसाला बंदी होती. सार्वजनिक जागा सर्वांची, हा हक्क आपण लढून मिळवला आहे. मग आपल्या मोकळ्या कुत्र्यामुळे एखादे लेकरू शाळेचा रस्ता बदलत असेल, एखादी आजी विहारात यायची टाळत असेल, तर त्यांच्यापुरता तो रस्ता आपणच बंद केला असे होत नाही काय?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. पण दया म्हणजे केवळ लाड नव्हे. कुत्रा पाळायचा तर त्याला वर्षाच्या वर्षाला रेबीजची लस द्यावी, नसबंदी करून घ्यावी आणि महापालिकेत त्याची नोंद करावी. घराबाहेर पट्टा त्याच्या गळ्यात आणि दोरीचे टोक जाणत्या माणसाच्या हातात असावे. लहान मुलाच्या हाती दोरी देऊ नये. त्याची घाण आपण उचलावी, कारण आपण नाही उचलली तर ती मावशींनाच उचलावी लागते. दिवसभर आखूड साखळीला बांधून ठेवणे हीही क्रूरताच आहे, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने तो गुन्हा आहे. आणि आपल्या जनावराबाबत निष्काळजीपणा करून माणसाला धोका पोहोचवला, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आता पहाटे मोतीची दोरी आमच्या मुठीत असते. मावशी दिसल्या की आम्ही रस्त्याची बाजू बदलतो, जयभीम घालतो आणि पुढे जातो. त्यांची भीती अजून गेलेली नाही, पण आमच्यासाठी त्यांना खराटा थांबवावा लागत नाही. आमच्या समाजबांधवांनी आमच्यासारखी कोणी पडण्याची वाट पाहू नये, एवढीच विनंती. जयभीम!