प्रयोजनाविना एक प्रवास

जैन व्यापारी कुटुंबाच्या प्रवासाला सहसा कारण असते. लग्न, पंचकल्याणक, पेढीची खरेदी, वसुली, आजारपण, तीर्थयात्रा. यांपैकी काही असल्याखेरीज घराला कुलूप लागत नाही. यामागे केवळ काटकसर नाही. श्रावकाच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. कोणत्या दिशेस किती दूर जायचे याची मर्यादा आपणच आखावी, म्हणजे त्या रेषेपलीकडील जीवांना आपल्याकडून उपद्रव पोहोचत नाही, असा त्याचा आशय. अनर्थदंडव्रतही आहे. ज्या कृतीला प्रयोजन नाही, तिच्यामुळे घडणारी हिंसा टाळावी, असे ते सांगते. मग केवळ डोंगर आणि तलाव पाहण्यासाठी घराबाहेर पडणे, उघड्या माळावर तंबू ठोकून राहणे, हे श्रावकाला शोभते काय?

हा प्रश्न मानवत येथील एका घरात उन्हाळ्याच्या सुरुवातीस उभा राहिला. मानवत ही परभणी जिल्ह्यातील कापसाची जुनी बाजारपेठ. मोंढ्यात ज्यांना सगळे शेठजी म्हणतात आणि गल्लीत ज्यांच्या पत्नीला सगळे काकू म्हणतात, असे हे दांपत्य. लग्नाला पस्तीस वर्षे झालेली. कापसाचा हंगाम सरला होता आणि अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर आडतीची गादी मुलाकडे सोपवायचे ठरले होते. त्या सुमारास काकू एके दिवशी म्हणाल्या, “अहो, आपण आठ दिवस कुठेतरी जाऊ या. डोंगर असतील, तळी असतील तिथे. तंबूत राहू.”

“कोणाकडे लग्न आहे?” शेठजींनी विचारले.

“कोणाकडेच नाही.”

“मग मांगीतुंगीला जाऊ. दर्शन तरी होईल.”

“मांगीतुंगीला आपण तीनदा गेलो. तिन्ही वेळा तुम्ही पायऱ्या चढताना फोनवर भाव विचारत होतात.”

शेठजींनी आक्षेप मांडले. सूर्यास्तानंतर जेवायचे नाही, तर रानात वेळेवर जेवण कोण देणार? पाण्याचे काय? आणि मुख्य म्हणजे, हे सारे कशासाठी? काकूंनी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी असल्याचे सांगितले. तिसऱ्याला मात्र त्यांनी वेगळे उत्तर दिले. “पस्तीस वर्षं रात्री आपण पट्टी, उचल आणि वसुली याशिवाय काही बोललो नाही. आता गादी मुलाची झाली. उद्यापासून आपण बोलायचं कशाबद्दल, ते मला बघायचं आहे.”

शेठजी यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी जुन्या चोपडीच्या कोऱ्या पानावर मार्ग लिहिला आणि त्याखाली मर्यादा आखली. उत्तरेस लोणार आणि वेरूळ, पश्चिमेस भंडारदरा. आठ दिवस या सीमेपलीकडे पाऊल टाकायचे नाही. म्हणजे प्रवास ठरला तोच व्रताच्या भाषेत.

तयारीही त्याच भाषेत झाली. खाखरे, ठेपले, भाजलेले पोहे, मुगाची डाळ, तांदूळ, तूप आणि मेतकूट डब्यांत भरले. कांदा, लसूण, बटाटा नसल्याने नासणारे असे सामानात काही नव्हतेच. एक लहान शेगडी, पाणी गाळण्याचे दुहेरी कापड, उकळलेल्या पाण्यासाठी स्टीलची कळशी, जमीन झाडण्यासाठी मऊ केरसुणी आणि दोघांपुरता तंबू. गाडीच्या डिकीत एवढेच होते.

मे महिना संपत आला असता ते सेलूमार्गे जिंतूरला निघाले. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकडीवर गुहेसारखी जिनमंदिरे आहेत. दारे इतकी ठेंगणी की प्रत्येकाला वाकूनच आत जावे लागते. लहानशा आधारावर तोललेली पार्श्वनाथांची मूर्ती पाहून दोघे तिथे बराच वेळ बसले. पहिला मुक्काम पूर्णा नदीवरील येलदरी धरणाच्या बाजूला, वीस वर्षे आपला माल शेठजींच्या आडतीवर आणणाऱ्या शेतकऱ्याच्या शेतात, आंब्याखाली झाला. शेतकरी संकोचला. “शेठ, घरात खाट आहे की,” असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. शेठजी मात्र बांधावर उभे राहून नांगरलेली काळी जमीन पाहत होते. या शेताचा कापूस त्यांनी वीस वर्षे हातात घेतला होता. शेत ते प्रथमच पाहत होते. त्याच्या विहिरीला मार्चनंतर पाणी नसते, ही गोष्टही त्यांना त्या संध्याकाळी कळली. दरवर्षी तो मार्चमध्येच उचल का मागतो, याचा उलगडा त्याबरोबर झाला.

पुढे लोणार. बेसॉल्टच्या कठीण खडकात उल्कापाताने पडलेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्याच्या तळाशी खारे, अल्कधर्मी पाणी साठलेले आहे. मासा जगू नये असे ते पाणी वरून निर्जीव भासते. परंतु २०२० च्या जून महिन्यात हेच सरोवर गुलाबी झाले, आणि तो रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असल्याचे तपासणीत आढळले. त्याच वर्षी त्याला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जाही मिळाला. काकूंना आपल्या सासूबाईंची आठवण झाली. पाण्याच्या एका थेंबात असंख्य जीव असतात, हे त्या सूक्ष्मदर्शक न पाहताच सांगत आणि गाळण्याचे कापड दररोज उन्हात वाळवत. सरोवराभोवती अभयारण्य असल्याने तिथे तंबू न ठोकता दोघे गावात राहिले.

वेरूळला कैलास लेण्यापुढील गर्दीतून वाट काढून ते उत्तर टोकाच्या जैन लेण्यांकडे, म्हणजे तीस ते चौतीस क्रमांकांच्या लेण्यांकडे गेले. इंद्रसभेत आम्रवृक्षाखाली बसलेली अंबिका आहे आणि वेलींनी वेढलेले बाहुबली आहेत. एका जागी इतका काळ स्थिर उभे राहिल्यावर रान माणसाला परके मानत नाही, वेली त्याच्या अंगावर चढतात. ती मूर्ती आजवर अनेकदा पाहिलेली. पण दोन रात्री उघड्यावर काढल्यानंतर पाहताना शेठजी तिच्यापुढे नेहमीपेक्षा अधिक वेळ थांबले.

तेथून वैजापूर, संगमनेर, अकोले, राजूर असा मार्ग धरून ते भंडारदऱ्यास पोहोचले. प्रवरा नदीवरील येथील विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्यामागील आर्थर जलाशयाभोवती सह्याद्रीची शिखरे उभी आहेत आणि महाराष्ट्रातील सर्वांत उंच, १,६४६ मीटरचे कळसूबाई शिखर जवळच आहे. उन्हाळ्यात पाणी खाली गेलेले असते आणि काठावर मोकळी जमीन पसरते. तिथे तंबूंच्या रांगा लागल्या होत्या. कुठे ध्वनिक्षेपक, कुठे कोळशाच्या शेगडीवर मांस. शेठजींचा चेहरा उतरला. काकूंनी तंबूंची व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिक तरुणाला बाजूला घेऊन विचारले, “दादा, लांब, शांत अशी जागा आहे का? जेवण आम्ही सव्वासहाच्या आत उरकतो.”

तरुणाने त्यांना आपल्या घराच्या मागील बांधावर जागा दिली. त्याच्या आईने नागलीच्या भाकरी भाजल्या. कांदा नको, लसूण नको, हे ऐकून ती हसली, “मग कालवणात राहिलं काय?” काकूंनी तिला डाळीत तूप, जिरे आणि मेतकूट घालून दाखवले. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी, भांडी घासून झाली होती. जलाशयातून घेतलेले पाणी गाळल्यावर काकूंनी कापड उलटे करून त्याच पाण्यात हळूच खळबळले. गाळण्यात अडकलेले जीव त्यांच्याच जलाशयात परत सोडण्याच्या या रीतीला जिवाणी म्हणतात. यजमानीण ते कुतूहलाने पाहत राहिली.

मग अंधार पडला. आणि ज्यासाठी या दिवसांत लोक मुंबई-पुण्याहून येतात, ते काजवे हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्या फांद्यांवर लुकलुकू लागले. काजव्याचे प्रौढ आयुष्य काही आठवड्यांचे. त्यापूर्वीचा दीर्घ काळ तो अळीच्या रूपात ओलसर मातीत असतो. त्याचा प्रकाश हा जोडीदारासाठीचा संकेत होय. नर उडत चमकतो आणि मादी बहुधा गवतात किंवा झुडपावर बसून उत्तर देते. गाडीचे दिवे, विजेऱ्या आणि मोबाईलचा झोत यांत हा संवाद तुटतो. गवत तुडवणाऱ्या पावलांखाली तर उत्तर देणारीच चिरडली जाते. भ्रमर, पतंग यांसारख्या जीवांना आपल्या परंपरेने चतुरिंद्रिय म्हटले आहे. दिव्यावर झेप घेऊन जीव मरतात, हे रात्रिभोजनत्यागाचे एक कारण. त्यामुळे या दोघांना अंधारात बसणे नवे नव्हते. त्यांनी दिवा लावलाच नाही. पायवाट सोडून ते गवतात उतरले नाहीत. झाडाजवळ जाण्याऐवजी घराच्या ओट्यावर चटई टाकून बसले.

बराच वेळ कोणी बोलले नाही. मग काकू म्हणाल्या, “ज्या वर्षी भाव पडले, त्या वर्षी मी पाटल्या दिल्या. जड दागिने नकोत, असं तुम्हाला म्हटलं होतं. ते खरं नव्हतं.”

“ठाऊक आहे,” शेठजी म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, “ती रक्कम माझ्या चोपडीत तुझ्या नावावर जमा आहे. दर दिवाळीला वही बदलताना मी शिल्लक पुढं ओढतो. ते खातं कधी मिटवलं नाही.”

“मला कधी सांगितलं नाहीत.”

“सांगायला वेळ कधी होता?”

काकू पुष्कळ वेळ गप्प राहिल्या. “गादी मुलाला द्या,” त्या शेवटी म्हणाल्या, “ते खातं देऊ नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला. शिल्लक तूर आज विकावी की थांबावे, हे त्याला विचारायचे होते. शेठजींनी भाव विचारला, क्षणभर हिशेब केला आणि म्हणाले, “गादीवर तू बसला आहेस. तूच ठरव.” फोन ठेवल्यावर ते अस्वस्थ झाले, हे काकूंना दिसले, पण त्यांनी पुन्हा फोन लावला नाही. त्याच दिवशी नाशिकच्या नातलगांनी आग्रह केला, “इतक्या जवळ आलात, घरी आल्याशिवाय जाऊ नका.” शेठजींनी आखलेल्या मर्यादेचे कारण सांगितले. पलीकडून हसू आले, आणि मग आदराची शांतता.

परतताना धरणाच्या भिंतीजवळ ते थांबले. येथून निघालेली प्रवरा गोदावरीला मिळते. पुढे पैठणला १९७६ मध्ये पूर्ण झालेले जायकवाडी धरण आहे. त्याचा २०८ किलोमीटर लांबीचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात, पाथरी-मानवतच्या शिवारात येतो. वरच्या धरणांतून पाणी किती सोडायचे, यावरून नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात दुष्काळी वर्षी वाद होतात. मोंढ्यात बसून शेठजी त्या वादाच्या बातम्या वाचत. ज्या पाण्यावर कालव्याकाठचा कापूस उभा राहतो, त्याचा एक उगम त्यांनी आता पाहिला होता आणि त्यातून दोन दिवस तांब्या भरून घेतला होता. बिनकामाच्या वाटणाऱ्या प्रवासात पेढीशी निगडित दोन गोष्टी कळल्या: मार्चमधल्या उचलीचे कारण आणि कालव्याच्या पाण्याचा उगम. शेठजी तसे म्हणाले तेव्हा काकूंनी विचारले, “म्हणजे शेवटी हिशेब लागलाच ना?”

उन्हाळ्यात असा प्रवास करू इच्छिणाऱ्या कुटुंबांनी ध्यानात घ्यावे असे यात काही आहे. पाऊस सुरू झाला की जमिनीवर जीवोत्पत्ती वाढते. साधू-साध्वीही चातुर्मासात विहार थांबवतात. म्हणून जायचे तर मृग लागण्यापूर्वी जावे. दिशा आणि अंतर आधी ठरवावे. जेवण सूर्याबरोबर संपवावे, रात्री प्रकाश करू नये, घेतले त्या जलाशयाला त्याचे जीव परत द्यावेत. नियम घरी ठेवून गेल्यास सहल होते आणि थकवा येतो. नियम बरोबर नेल्यास रान आपल्याला सामावून घेते.

काकू दरवर्षी चातुर्मासात मानवतची सीमा न ओलांडण्याचा नियम घेतात. शेठजींना तो कधी घेता आला नव्हता. आडतीसाठी कुठे ना कुठे जावेच लागे. या आषाढात काकू नियम घेण्यास उठल्या, तेव्हा शेठजीही शेजारी येऊन उभे राहिले.