बोईसर टू बॉलरूम!

क्रूझ म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? निळंशार पाणी, डेकवरचा स्विमिंग पूल, रात्रभर चालणारं खाणंपिणं आणि ढीगभर फोटो! तिकीट बुक होईपर्यंत सगळं कसं मस्त मस्त वाटतं. मग मेलमधून एक कागद येतो आणि त्यात संध्याकाळच्या कपड्यांचं टाइमटेबल असतं. एक रात्र फॉर्मल, एक रात्र ऑल व्हाइट, एक रात्र थीम. झालं! घराघरात तोच सनातन प्रश्न उभा राहतो : घालायचं काय?

पार्ला-दादरच्या मंडळींना हे सोपं आहे. आम्ही राहतो बोईसरला, चर्चगेटपासून साधारण शंभर किलोमीटरवर. डहाणू लोकल आमच्याकडे यायला २०१३ साल उजाडलं. त्यामुळे ‘जरा चांगले कपडे’ घ्यायचे तर मुंबई गाठायची, ही आमच्याकडची जुनी सवय. आई-बाबांच्या लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून आम्ही तीन रात्रींची क्रूझ बुक केली, तेव्हा मी एक हटके अट घातली. चौघांचे सगळे कपडे बोईसर-पालघरमध्येच जमवायचे. वैतरणेचा पूल ओलांडायचा नाही! धाकट्या भावाने कपाळावर हात मारून घेतला.

आधी कोड समजून घ्या

फॉर्मल नाइट हे प्रकरण मूळचं अटलांटिक ओलांडणाऱ्या मोठ्या बोटींचं. पहिल्या वर्गाचे प्रवासी रात्रीच्या जेवणाला नटूनथटून यायचे. पहिल्या रात्री मात्र सूट, कारण ट्रंका उघडलेल्या नसायच्या! ही सूट आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. मोठ्या बॅगा केबिनपर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून पहिल्या संध्याकाळचे कपडे हातातल्या बॅगेतच हवेत.

आज प्रत्येक कंपनीचा फंडा वेगळा. क्युनार्डच्या जहाजांवर ‘गाला इव्हनिंग’ अजून दिमाखात चालते. पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट, बायकांना इव्हनिंग गाऊन. पण त्यांच्या यादीत आपापल्या देशाचा समारंभी पोशाखही चालतो, बरं का! म्हणजे साडी, शेरवानी, बंदगळा शंभर टक्के फॉर्मल. उलट नॉर्वेजियन कंपनीने २००० च्या सुमारास ‘फ्रीस्टाइल’ म्हणत कपड्यांची सक्ती काढून टाकली, आणि सेलिब्रिटीने २०१५ मध्ये फॉर्मल नाइटच्या जागी ‘इव्हनिंग शिक’ आणली. टाय नसला तरी चालेल, पण छान दिसा, एवढाच तिचा अर्थ. मुंबईहून २०२१ पासून सुटणाऱ्या कॉर्डेलियासारख्या जहाजावर तर बहुतेक आपलीच कुटुंबं असतात. तिथे जरीकाठाला कोणी वळून बघत नाही. बघितलंच तर कुठून घेतली ते विचारायला!

आणि टक्सिडोला बिचकणाऱ्यांसाठी एक गंमत. त्यावर कमरेला बांधतात तो ‘कमरबंड’ म्हणजे आपला कमरबंद. हिंदुस्थानातल्या उकाड्यात इंग्रज अधिकाऱ्यांना वेस्टकोट सोसवेना, म्हणून त्यांनी इथला कमरपट्टा उचलला. तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांवर तर जॅकेटही काढून ठेवायची पद्धत पडली. नुसता शर्ट, कमरबंद आणि काळी पँट. त्याला नावच पडलं ‘रेड सी रिग’. खलाशांची डंगरी घ्या, तिचं नाव मुंबईतल्या डोंगरीवरून आलेलं. तेव्हा बोटीवरची ही फॅशन परकी वगैरे मानायचं काही कारण नाही. तिचं अर्धं सामान इथूनच गेलंय.

तारापूरचा तागा

आता आमच्या गावाबद्दल. तारापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना अणुवीज केंद्र आठवतं. देशातलं पहिलं, १९६९ सालचं. पण बोईसर स्टेशनवर सकाळी उतरणारी गर्दी जाते एमआयडीसीत. औषधं, रसायनं, लोखंड आणि कापड! सियारामसारख्या सुटिंगवाल्यांचे आणि डी’डेकॉरसारख्या पडदेवाल्यांचे कारखाने इथेच आहेत. देशभरातल्या नवरदेवांचे सूट जिथून निघतात, त्यातलं एक ठिकाण म्हणजे आमचं हे धुळीचं बोईसर.

माझे बाबा अशाच एका कंपनीत फोल्डिंग खात्यात होते. सव्वीस वर्षं. कापड टेबलावरून सरकतं, नजरेनं दोष पकडायचा, खूण करायची, तागा गुंडाळायचा. कापड दोन बोटांत धरून ते त्यातलं मिश्रण सांगतात. पण त्यांच्या अंगावर सूट मी कधी पाहिला नव्हता. लग्नातल्या फोटोतही सफारी आहे.

सूट पीस मात्र होता. कंपनीतून मिळालेला, गडद निळा, कपाटात सगळ्यात खाली, अजून प्लास्टिकच्या पिशवीत. पंधराएक वर्षं तरी झाली असतील. तुमच्याही घरी असा एक असेल, पैज लावते! आपल्याकडे सूट पीस भेट मिळतो, जपला जातो आणि पुढच्या कोणाच्या तरी लग्नात पुढे सरकवला जातो. शिवत कोणी नाही, कारण शिलाई कापडापेक्षा महाग.

‘‘बाबा, हाच शिवूया,’’ मी म्हटलं.

‘‘कशाला गं? एका रात्रीसाठी? आणि त्या बोटीवर वेटर पण काळा कोट घालतात. मी वेटर वाटेन.’’

हसण्यावारी नेण्यासारखं वाक्य होतं, पण मला ते लागलं. फॉर्मल कपड्यांची भीती नेमकी हीच असते ना? कपडा अंगावर बसेलही, पण मी त्या खोलीतला वाटेन का? सव्वीस वर्षं हजारो लोकांच्या सुटांचं कापड तपासलेल्या माणसाला आपण सूट घालण्यातले आहोत का, हा प्रश्न पडत होता.

नवापूर रोडवरच्या आमच्या टेलर मास्तरांनी तो चुटकीसरशी सोडवला. त्यांनी पीस उलगडला, मापला. सव्वातीन मीटर, म्हणजे कोट-पँट आरामात. मग बाबांकडे बघून म्हणाले, ‘‘काका, बंदगळा करू. टायची कटकट नाही, बो नाही. वेटर बो लावतो, बंदगळा पाहुणा घालतो.’’ बाबा काही बोलले नाहीत, पण हात वर करून मापाला उभे राहिले. मास्तरांनी खांद्यापासून सुरुवात केली, तेव्हा बाबांनीच त्यांना कापडाची सुलट बाजू दाखवली.

आणखी एक फायदा क्रूझवर कळला. केबिनमध्ये इस्त्री वापरू देत नाहीत, आगीचा धोका म्हणून. लिननवाले सुरकुत्या झटकत बसतात. आमच्या तारापूरचं पॉलिव्हिस्कोज मात्र बॅगेतून निघालं ते जसंच्या तसं! ‘‘मिश्र कापड आहे, चुरगळणार नाही,’’ हे बाबांनी निघायच्या आधीच सांगितलं होतं.

आईचं सिक्रेट

आईचा प्रश्नच नाही, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलेलं. पैठणी आहे, नेसेल. साडी फॉर्मलला चालते हे मी मोठ्या उत्साहाने तिला वाचूनही दाखवलं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं आणि मग हळूच विचारलं, ‘‘साडीच नेसावी लागते का गं? गाऊन घातला तर?’’

तीस वर्षं जिला आम्ही साडी आणि पंजाबी ड्रेसच्या पलीकडे पाहिलं नव्हतं, तिला एकदा गाऊन घालायचा होता. पण बोईसरमध्ये नाही. इथे ओळखीचे लोक आहेत. समुद्रात तिला कोणी ओळखणार नव्हतं.

पालघरला त्याचीही सोय निघाली. केळवे बीचवर हल्ली प्री-वेडिंग शूटसाठी जोडपी येतात, त्यांच्यासाठी लांबलचक गाऊन भाड्याने देणारी दुकानं आली आहेत. अशाच एका दुकानात, मागे भलामोठा घेर असलेले लाल-गुलाबी गाऊन बाजूला सारत, आम्हाला एक साधा बॉटल ग्रीन मिळाला. पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंत. आईने ट्रायल रूमचं दार बोटभर उघडून आधी बाहेर कोण आहे ते पाहिलं आणि मग बाहेर आली. गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या. ‘‘बांगड्या काढू का?’’ तिने विचारलं. दुकानातली मुलगीच म्हणाली, ‘‘नको काकू, मॅच होतायत.’’

पैठणीही गेली बरोबर, दुसऱ्या दिवशी डेकवर. तिथे अक्कल आली ती पिनांची. डेकवरचा वारा पदराशी अजिबात सभ्यपणे वागत नाही. सहा पिना आणि सपाट चपला, यावर तडजोड नाही.

थीम कोणाची?

ऑल व्हाइट नाइट सगळ्यात सोपी. भावाला पांढरा नेहरू शर्ट-लेंगा, मला सुती कुर्ता. एवढंच बघा की उजेडात पारदर्शक दिसत नाही ना, आणि पहिल्या लाल ग्रेव्हीपासून लांब राहा.

खरी गोची झाली थीम नाइटला. थीम होती ‘इंडियन कोस्ट’. भाऊ म्हणाला, सोपं आहे, कोळी ड्रेस! शाळेच्या गॅदरिंगचे कपडे भाड्याने देणाऱ्याकडे टोपी, रुमाल, खोटी मासळीची टोपली, असं सगळं पॅकेज मिळतं. ते बघून आम्ही सातपाटीला गेलो. सातपाटी म्हणजे पापलेटचं गाव. बंदरावर एका मावशीकडून मासळी घेताना मी सहज हा विषय काढला. त्या खळखळून हसल्या. ‘‘घाल की! पण टोपली कशाला? टोपली आम्ही कामाला घेतो. सणाला आम्ही पण दागिने घालूनच जातो.’’

मार्मिक होतं. आपण दुसऱ्याचे कामाचे कपडे थीम म्हणून घालतो आणि त्यांचे समारंभाचे कपडे आपल्याला ठाऊकच नसतात. त्यातून ही किनारपट्टी सध्या निवांत नाही. डहाणूजवळच्या वाढवण बंदराचं भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये झालं, आणि आपली मासेमारी राहील का, या काळजीने इथले मच्छीमार बराच काळ विरोध करत आलेत. अशा वेळी खोटी टोपली डोक्यावर घेऊन नाचायला माझं मन धजेना. टोपली राहिली पालघरलाच.

मग आठवली वारली. जिव्या सोमा मशे यांनी ही भिंतीवरची चित्रं कागदावर, कापडावर आणली आणि जगभर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. डहाणूजवळचं त्यांचं गंजाड आमच्यापासून फार लांब नाही. आता वारली मगवर असते, मोबाइल कव्हरवर असते, स्टोलवर तर असतेच. पण सगळीच चित्रं सारखी नसतात. लग्नाचा चौक सवाशिणी काढतात, मधे पालघट देवी असते आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. आमच्या ओळखीच्या एका चित्रकाराने मला सरळच सांगितलं, ‘‘ताई, चौक नको. तारपा घ्या. तारपा नाचायलाच असतो.’’ तर तारप्याभोवतीचा गोल असलेला कोऱ्या सुती कापडावरचा स्टोल मी त्यांच्याकडूनच घेतला, घासाघीस न करता. थीम नाइटला तिघांनी विचारलं, कुठला? मी सांगितलं, ‘‘आमच्याकडचा.’’

बॅग भरताना...

थोडक्यात काय, तर हे लक्षात ठेवा :

• कपडे घेण्याआधी तुमच्या जहाजाचा ड्रेस कोड वाचा. प्रत्येक जहाजाचा वेगळा असतो.

• फॉर्मलचा आग्रह मुख्यतः मोठ्या डायनिंग रूममध्ये. कंटाळा आला तर बुफेला साधे कपडे बहुतेक ठिकाणी चालतात.

• नवे बूट घरी चार दिवस घालून फिरा. हलत्या जहाजावर टाच उंच नकोच.

• डायनिंग रूममध्ये एसी भन्नाट असतो. शाल किंवा स्टोल मस्ट!

• सुरकुत्या पडल्याच, तर कपडा बाथरूममध्ये टांगा आणि गरम पाण्याचा शॉवर पाच मिनिटं सोडा.

• आणि पहिलं दुकान म्हणजे घरातलं कपाट. तळापर्यंत जा.

जहाज सुटतं बॅलार्ड पिअरहून. तिथल्या नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन २०२५ मध्ये झालं. बोईसरहून निघायचं तर पहाटेची गाडी आणि मांडीवर कोटाची बॅग, एवढी तयारी ठेवायची. डब्यातले लोक विचारतात, कोणाचं लग्न? खुशाल सांगा, आमचंच. तीस वर्षं झाली.

बाबांचा बंदगळा त्यानंतर सफाळ्याच्या एका लग्नात आणि सोसायटीच्या पूजेतही दिसला. गेल्या आठवड्यात मी कुर्ता टाकायला नवापूर रोडला गेले, तर मास्तरांच्या टेबलावर तसेच दोन जुने सूट पीस पडलेले, प्लास्टिकच्या पिशवीतले. बाबांच्या खात्यातल्या दोघांनी आणून दिलेत म्हणे. दोघांनीही क्रूझ वगैरे काही बुक केलेली नाही.