माळ्यावरचं मशीन

धाकट्या बहिणीची इद्दत संपली आणि घरात एकच विषय राहिला, ती आता काय करणार? पदरात दोन मुलं. शिवणकाम तर आमच्या मोहल्ल्यात दर तिसऱ्या घरात चालतं. स्वेटर मात्र सगळे बाजारातून आणतात, आणि मालेगावची थंडी काही थोडी नसते. म्हणून विणकामाचं घरगुती मशीन घ्यायचं ठरलं. नवं परवडणारं नव्हतं. ओळखीतल्या एका घरी माळ्यावर जपानी ब्रदर पडून होतं, त्यांच्या मरहूम चाचांनी सौदीहून आणलेलं. "चलता नहीं," म्हणत त्यांनी ते चार हजारांत देऊन टाकलं.

जुनं मशीन घेणाऱ्या भगिनींनी वरची चकाकी पाहू नये, सुया पाहाव्यात. आमच्या मशीनला साडेचार मिलिमीटर अंतराने २०० सुया आहेत. प्रत्येक सुईच्या टोकाला उघडझाप करणारी छोटी जीभ असते. ही युक्ती १८४० च्या दशकात इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने काढली. जीभ अडकली की टाका सुटलाच.

पण 'चालत नाही' म्हणून अडगळीत गेलेल्या पुष्कळ मशिनांचं दुखणं वेगळंच असतं. सुयांवर एक लांब पट्टी असते, तिच्या आतला स्पंज सुया दाबून धरतो. वर्षानुवर्षांनी तो चपटा, चिकट होतो, सुया वर उचलल्या जातात आणि कॅरेज अडतं. आमचंही तेच झालं होतं.

भाऊजान म्हणाले, मिस्त्रीला बोलवू. मी म्हटलं, ज्यावर हिचं पोट चालणार, ते हिला स्वतः उघडता आलं पाहिजे. पट्टी तिनेच बाजूने ओढून काढली. काळा लगदा झालेला स्पंज खरवडला, नवा चिकटवला. सुया रॉकेलमध्ये भिजवून पुसल्या, मग शिलाई मशीनचं पातळ तेल दिलं. (खोबरेल कुणी घालू नये, हिवाळ्यात ते थिजतं.) मधल्या काही सुया वाकल्या होत्या. लहान मुलांचा स्वेटर मधल्या शंभरेक सुयांवरच होतो, त्यामुळे कडेच्या सुया जवळजवळ कोऱ्या होत्या. त्या मध्ये आणल्या, वाकड्या कडेला गेल्या. खर्च शून्य.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत सरसर गेलं, तेव्हा अम्मी दुसऱ्या खोलीतून "अलहमदुलिल्लाह" म्हणाल्या.

खरी कसोटी नंतर आली. नात्यातल्या एका भाभींनी "घरचंच तर आहे" म्हणत मुलासाठी स्वेटर मागितला. बहिणीने शांतपणे लोकरीचा भाव सांगितला आणि मजुरी वेगळी सांगितली. भाभींचं तोंड उतरलं. अम्मीही माझ्याकडे पाहू लागल्या. मी वह्या तपासत राहिले.

चार दिवसांनी भाभी निळी लोकर घेऊन आल्या. मजुरी त्यांनी आगाऊच दिली.