आईचं टार्गेट : रायगड

मार्च संपत आला की आपल्या घराघरात दोन चर्चा एकदम सुरू होतात. एक हापूसच्या पेटीच्या भावाची आणि दुसरी 'यंदा कुठे जायचं?' याची. पहिल्या चर्चेचा निकाल बाजार लावतो. दुसरीचा निकाल, निदान आमच्या घरात, गुडघे लावतात. कुणी रजा टाकतं, कुणी गाडी सर्व्हिसिंगला देतं, कुणी फॅमिली ग्रुपवर हॉटेलचे फोटो टाकतं. आणि मग बाबांचा पहिला प्रश्न येतो, 'तिथे पायऱ्या किती आहेत?'

आमची फॅमिली म्हणजे एकदम टिपिकल कोथरूडकर. बाबा रिटायर्ड, आई ५८ वर्षांची, घरी शिकवण्या घेणारी. दादा हिंजवडीत आयटीवाला, वहिनी बँकेत, त्यांचा आठ वर्षांचा छोटू आणि मी. मी फ्रीलान्सर. म्हणजे जिला वर्षभर सुट्टीच असते असा समस्त नातेवाइकांचा ठाम समज आहे, ती. दर मे महिन्यात आम्ही सहा जण एका गाडीत. महाबळेश्वर झालं, हरिहरेश्वर झालं, दिवेआगर तर दोनदा झालं. ट्रिपचा फंडाही ठरलेला. गाडीत बसा, खा, उतरा, पॉइंट बघा, फोटो काढा, पुन्हा खा, पुन्हा बसा. तीन दिवसांच्या ट्रिपमध्ये सगळ्यात जास्त व्यायाम होतो तो डिकी उघडणाऱ्याला!

आणखी एक गोष्ट वर्षानुवर्षं ठरलेली. जिथे चढ सुरू होतो, तिथे आई थांबते. 'तुम्ही जाऊन या, मी पिशव्या सांभाळते.' प्रतापगडाला ती खाली सरबताच्या स्टॉलवर बसली. कार्ल्याला पायऱ्यांशी. हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर जिथे कातळातल्या पायऱ्या उतरतात, त्याच्या अलीकडे. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की आमच्या ट्रिपच्या अल्बममध्ये आई फक्त जेवणाच्या टेबलावर दिसते.

७.६

जानेवारी २०२४ मध्ये घरातल्या सगळ्यांचं फुल बॉडी चेकअप झालं. आईच्या रिपोर्टमध्ये एचबीएवनसी आला ७.६. हा आकडा म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या रक्तातल्या साखरेची सरासरी. ५.७च्या खाली नॉर्मल, ६.५ किंवा त्याच्या वर डायबेटिस. आई एकटी नाही. आयसीएमआरच्या पाठबळावर झालेला देशभराचा सर्व्हे २०२३ मध्ये 'लॅन्सेट'च्या जर्नलमध्ये आला. त्यानुसार भारतात दहा कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे आणि त्याहून जास्त लोक उंबरठ्यावर आहेत. पण घरातला एक रिपोर्ट हातात आला की हे कोटी-बिटी सगळं बाजूला राहतं. आजीचे, म्हणजे आईच्या आईचे, शेवटची काही वर्षं डोळे गेले होते. साखरेमुळेच. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण त्या रात्री जेवताना टीव्ही कुणी लावला नाही.

डॉक्टरांनी गोळी दिली आणि आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालायला सांगितलं. आईचं उत्तर तुमच्याही आईचं असेल. 'दिवसभर घरात चालतच असते की!' डॉक्टर म्हणाले, 'ते काम झालं. आता थोडं स्वतःसाठी चाला.'

पुढचे पंधरा दिवस काहीच झालं नाही. दादाने तिला स्वतःचं जुनं स्मार्टवॉच बांधलं. ते तिने पोळ्या लाटताना काढून ठेवलं ते फ्रिजवरच राहिलं. मग फेब्रुवारीत नेहमीप्रमाणे ट्रिपची चर्चा निघाली. बाबा म्हणाले, 'पायऱ्या नकोत.' आणि आई भाजी निवडता निवडता म्हणाली, 'मला रायगडला जायचंय. पायऱ्यांनी. यंदा मी पिशव्या सांभाळणार नाही.'

घरात एकदम सन्नाटा! दादाने सांगून पाहिलं, 'अगं, रायगडला रोपवे आहे. पाच मिनिटांत वर.' आईला ते माहीत होतं. रोपवे १९९६ मध्ये सुरू झाला आणि ती एकदा शिकवणीच्या मुलींबरोबर त्यातून जाऊनही आली होती. तिचं म्हणणं वेगळंच होतं. 'रोपवेने गेलं की महादरवाजा लागतच नाही. एवढ्या मोठ्या राजाच्या घरी मी मागच्या दाराने जाऊन आले. मला पुढच्या दाराने जायचंय.' यावर काय बोलणार?

ज्याचं त्याचं टार्गेट

रायगड चढायचा म्हणजे साधारण सतराशे पायऱ्या. आमच्या हातात होते तीन महिने. फ्रिजवर एक कागद चिकटला. आईच्या नावापुढे 'महादरवाजा'. दादाच्या नावापुढे '८८ वरून ८०'. वहिनीने लिहिलं, 'रोज ४० मिनिटं, जेव्हा मला कुणी हाक मारणार नाही'. मला ते सगळ्यात अवघड टार्गेट वाटलं. माझं होतं, न थांबता सिंहगड. बाबांनी गुडघ्याचं निमित्त सांगून कागदावर सही तेवढी केली, साक्षीदार म्हणून.

सुरुवात खरेदीपासून झाली. आईने आयुष्यात पहिल्यांदा स्पोर्ट्स शूज घेतले. दुकानातल्या मुलाने विचारलं, 'मॅडम, रनिंगचे की वॉकिंगचे?' आई म्हणाली, 'रायगडचे.' पहिला आठवडा तिने ते साडीवर घातले. दुसऱ्या आठवड्यात कपाटातले पंजाबी ड्रेस बाहेर आले.

मग पर्वती. पुणेकरांना सांगायला नको, १०३ पायऱ्या. पहिल्या दिवशी ती चार वेळा थांबली. महिनाभरात एका दमात वर, मग एका सकाळी दोनदा, मग तीनदा. मधल्या दिवशी वेताळ टेकडी. टेकडीवर तिला आपल्यासारख्याच चार काकू भेटल्या, त्यातल्या दोघींना साखर होती, आणि मग आम्हाला कुणी विचारेना! एप्रिलमध्ये सिंहगड. आतकरवाडीच्या वाटेने पहिल्यांदा अर्ध्यातून परत. दुसऱ्यांदा पुणे दरवाज्यापर्यंत. वर मटक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी. दह्यात साखर घालायची नाही, हे तिने स्वतःच सांगितलं.

दरम्यान दादाचा घोष चालूच, 'आई, दहा हजार स्टेप्स झाल्याच पाहिजेत.' पत्रकारितेचं शिक्षण कधीतरी कामी येतं, ते असं. मी शोधून काढलं की हा दहा हजारांचा आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं. त्याचं नाव होतं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. नाव खपलं आणि आकडा जगभर झाला. उलट हार्वर्डच्या डॉ. आय-मिन ली आणि त्यांच्या टीमने २०१९ मध्ये वयस्क बायकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सरासरी वय ७२. रोज साधारण २७०० पावलं चालणाऱ्या बायकांपेक्षा ४४०० पावलं चालणाऱ्या बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी होतं. साडेसात हजारांच्या आसपास फायदा पुढे वाढताना दिसत नव्हता. हे ऐकल्यावर आईने दादाकडे असं काही पाहिलं की विचारू नका!

ताम्हिणी, करवंदं आणि दर दीड तासाला ब्रेक

मेच्या पहिल्या शनिवारी निघालो. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी घाट, निजामपूर आणि पाचाड. अंतर साधारण १३० किलोमीटर. पावसाळ्यात जिथे गाड्यांची जत्रा असते तो ताम्हिणी मेमध्ये सुका आणि शांत असतो. आणि घाटात करवंदं असतात! पानांच्या द्रोणात विकायला बसलेल्या मावशींकडून आम्ही दोन द्रोण घेतले आणि ते गाडीत नाही, रस्त्याच्या कडेला उभं राहून खाल्ले.

या वेळचे गाडीचे नियम वेगळे होते. दर दीड तासाला दहा मिनिटं उतरून चालायचं, चालवणाऱ्यानेसुद्धा. वेफर्सच्या पाकिटांऐवजी भडंग, काकडी, उकडलेले शेंगदाणे आणि थर्मासमध्ये ताक. आईच्या पर्समध्ये खडीसाखर, कारण डायबेटिसच्या काही गोळ्यांवर असताना खूप श्रम झाले तर साखर एकदम खाली येऊ शकते. आम्ही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. तुमच्या घरी कुणी गोळ्यांवर असेल तर एवढं विचाराच, प्लीज.

रात्री पाचाडला मुक्काम. संध्याकाळी जिजाऊंच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि साडेनऊला सगळे आडवे. मेमध्ये रायगड चढायचा तर उन्हाच्या आधी, याला दुसरा पर्याय नाही.

पुढच्या दाराने

उजाडताच चित दरवाज्यापासून सुरुवात केली. माणशी दोन लिटर पाणी, टोप्या आणि ओआरएसची पाकिटं. आईचा नियम सोपा होता. बोलता येईल इतक्याच वेगाने चढायचं. बोलणं बंद पडलं की थांबायचं. पहिल्या तासात ती बरीच बोलली. रेशनच्या रांगा, शाळेतल्या सहली, कुणाचं लग्न कसं मोडलं... छोटू पुढे पळत होता आणि पायऱ्या मोजत होता. तीनशेनंतर त्याचा हिशेब चुकला आणि त्याने पुन्हा एकपासून सुरुवात केली.

साधारण अर्ध्या वाटेवर ती कठड्यावर बसली. चेहरा लाल, ओठ कोरडे. दादाने एकदा वर पाहिलं, एकदा खाली. मी पर्समधली खडीसाखर काढली. आई पाणी प्यायली, पाच मिनिटं डोळे मिटून बसली. मग म्हणाली, 'पर्वतीच्या हिशेबात किती राहिल्या?' दादा म्हणाला, 'आठ पर्वत्या.' 'मग एकेक पर्वती घेऊ.' आणि उठली. दर शंभर पायऱ्यांना थांबायचं, दोन घोट पाणी, पुन्हा शंभर.

महादरवाजा दोन भल्या मोठ्या बुरुजांच्या आड आहे. तो लांबून दिसतच नाही, अगदी जवळ आल्यावर एकदम समोर येतो. शत्रूला फसवायला केलेली ती रचना. पण त्या दिवशी फसलो आम्ही. अजून बरंच आहे असं धरून चाललो होतो आणि वळलो तर दरवाजाच! आईने उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला. फोटो काढायला मी मोबाइल काढला, तर ती म्हणाली, 'थांब, आधी श्वास घेऊ दे. फोटोत दमलेली नको.'

तिथून पुढेही पायऱ्या आहेत, हत्ती तलाव आहे, गंगासागर आहे. होळीच्या माळावर पोचलो तेव्हा बाबा आमची वाट पाहत उभे होते. ते सकाळी सुरू होणाऱ्या रोपवेने आले होते. खांद्याला तीन आणि हातात दोन, अशा आमच्या पाच पिशव्या घेऊन. आईकडे बघून म्हणाले, 'सांभाळल्यात हं सगळ्या.' सगळ्यांत आधी आईच हसली.

जिथे ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला त्या सदरेवर आम्ही बराच वेळ होतो. मग जगदीश्वराचं मंदिर आणि महाराजांची समाधी. ऊन चढायला लागलं तसे सगळे रोपवेने खाली आलो. हे आधीच ठरलेलं होतं, कारण गुडघ्यांवर चढण्यापेक्षा उतरण्याचा ताण जास्त येतो आणि आईला परत पर्वतीवरही जायचं होतं.

मग पुढे?

जूनच्या रिपोर्टमध्ये एचबीएवनसी ६.९ आला. गोळी सुटलेली नाही आणि ती सुटेल असं डॉक्टरांनी म्हटलेलंही नाही. दादाचा काटा ८४ वर अडकला. वहिनीची ४० मिनिटं मात्र टिकली, कारण त्या वेळात छोटूला आजी टेकडीवर नेते. बाबांनी फिजिओथेरपिस्टकडे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुरू केले. पुढच्या ट्रिपला पिशव्या उचलायच्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं आहे.

आपण ऑफिसवाले फिटनेसची टार्गेट्स एकट्याने ठरवतो. जिम, डाएट, किलो. पण ज्यांच्याबरोबर आपण ट्रिपला जातो त्यांचा नकाशा दर वर्षी थोडा थोडा लहान होत असतो. आधी गड जातात, मग लेणी, मग समुद्राची उतरण. शेवटी उरतो तो फक्त हॉटेलचा व्हरांडा. हा नकाशा सगळाच्या सगळा परत मिळत नाही, पण तीन महिन्यांत एखादा गड नक्की मिळतो.

तेव्हा यंदाची ट्रिप ठरवताना हॉटेल बुक करण्याआधी घरात एकदा विचारून बघा, पिशव्या कोण सांभाळणार? ज्यांचा हात आधी वर जाईल, त्यांच्यासाठी शूज बघायला या रविवारीच जा.