ओहमचा नियम आणि बंदीचा कायदा

१८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने अध्यादेश काढून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी घातली. तीनच आठवड्यांनी, ९ ऑक्टोबरला, लिथियम-आयन बॅटरीच्या विकासाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना रसायनशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. या दोन बातम्या परस्परांशी असंबद्ध वाटतात. पण त्यांना जोडणारी एक वस्तू आहे. १८ मिलिमीटर व्यासाचा, ६५ मिलिमीटर लांबीचा आणि म्हणूनच १८६५० या आकड्याने ओळखला जाणारा विद्युतघट.

कोलकात्याच्या चांदनी चौक बाजारात जुन्या लॅपटॉपचे सुटे भाग मिळतात. अनेक जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीत हेच घट असतात. असा घट कधी टॉर्चमध्ये जातो, कधी पॉवर बँकेत. आणि बंदीला न जुमानणाऱ्या एखाद्या तरुणाच्या हाती पडला, तर धातूच्या नळीतही. या नळीत नियंत्रण करणारे परिपथ नसतात. घट, बटण आणि तारेची गुंडाळी, एवढेच.

पूर्ण भारित घटाचे विभवांतर ४.२ व्होल्ट असते. गुंडाळीचा रोध ०.५ ओहम असेल, तर धारा साधारण ८ अँपिअर. अधिक वाफेच्या हव्यासाने तोच रोध ०.१ ओहमवर आणला आणि घटाचा अंतर्गत रोध ०.०५ ओहम धरला, तर धारा २८ अँपिअरवर जाते. त्या वेळी घटाच्या पोटातच सुमारे ३९ वॅट उष्णता निर्माण होते. घटाचे वस्तुमान जेमतेम ४५ ग्रॅम. म्हणजे तापमान दर सेकंदाला जवळपास एका अंशाने चढणार. बटण क्षणभर दाबले तर हे खपून जाते. खिशात दबून राहिले तर एका मिनिटात साठ अंश. १३० अंशांच्या आसपास आतला पॉलिएथिलीनचा विभाजक पडदा वितळतो आणि अग्रांचा थेट संपर्क होतो. पुढे धनाग्राचे द्रव्य स्वतःच ऑक्सिजन सोडू लागते, म्हणून अशी आग नुसती झाकून विझत नाही. बंद नळीत वायूला वाट नसते. मे २०१८ मध्ये फ्लॉरिडात आणि जानेवारी २०१९ मध्ये टेक्सासमध्ये ई-सिगारेटच्या स्फोटाने प्रत्येकी एक माणूस दगावला.

‘आधी मोजून पाहावे’ हा सल्लाही वाटतो तितका सोपा नाही. साध्या मल्टिमीटरच्या तारांचा स्वतःचाच रोध ०.१ ते ०.३ ओहम भरतो, ०.१ ओहमची गुंडाळी त्यात हरवून जाते. चांदनी चौकापासून फार दूर नसलेल्या बहूबाजार रस्त्यावर रामन यांनी १९२८ साली साध्या उपकरणांनी प्रकाशाचे विकिरण तपासले. तेथील धडा असा की उपकरण साधे असले तरी चालते. मात्र त्याची मर्यादा ठाऊक असावी लागते.

मार्च २०२२ मध्ये पुण्याच्या लोहगाव भागात उभी असलेली विजेवरची दुचाकी पेटली. देशभरातील अशा घटनांनंतर चौकशी झाली आणि त्याच वर्षी बॅटरीसंबंधीचे एआयएस-१५६ हे मानक अधिक कडक करण्यात आले. उघड्यावर वापरल्या जाणाऱ्या वस्तूच्या आगीतून समाज काहीतरी शिकतो. चोरून वापरल्या जाणाऱ्या वस्तूच्या आगीतून तो काहीच शिकत नाही, कारण भाजलेला हात लपवला जातो. बंदी निकोटिनच्या व्यसनापुरती योग्य आहे. पण तिच्यामुळे सुरक्षिततेविषयी बोलणेच थांबले, तर किंमत विद्यार्थीच मोजतील.

घट मात्र सर्वत्र आहेत. ज्याचे आवरण फाटले आहे, तो वापरू नये. कारण बाहेरचे संपूर्ण कवच ऋणाग्र असते आणि धनाग्रापासून त्याचे अंतर अगदी थोडे असते. सुटा घट किल्ल्या वा नाण्यांसोबत खिशात ठेवू नये. घटाची कमाल धारा ठाऊक नसेल, तर तो कोणत्याही घरगुती प्रयोगात जोडू नये. कायदा मोडणारा कधी सुटतोही. ओहमचा नियम कोणालाच सूट देत नाही.