सही तंतोतंत जुळते

सही तपासायच्या टेबलावर बसलेल्या माणसाला एक गोष्ट कळते. ती बी.कॉम.च्या कुठल्याही पुस्तकात नसते. माणसाची सही दोनदा सारखी येत नाही. सकाळची वेगळी, संध्याकाळची वेगळी, आणि मुलीच्या लग्नासाठी मुदत ठेव मोडतानाची तर फारच वेगळी. पूर्वी आम्ही नमुना सहीचं कार्ड चेकशेजारी धरत असू. आता तो नमुना पडद्यावर येतो, पण डोळे तेच. सही थोडी इकडेतिकडे असली तर मी निर्धास्तपणे पास करतो. जी शेवटच्या फराट्यापर्यंत तंतोतंत जुळते, तिच्यापाशी मात्र मी चष्मा पुसतो. जिवंत माणसाचा हात इतका हुबेहूब चालत नाही. अशी सही बहुधा खाली काच आणि दिवा ठेवून गिरवलेली असते.

हे ज्ञान मला पियानो ऐकताना उपयोगी पडेल, असं बँकेत कुणी सांगितलं नव्हतं.

पियानोशी माझा संबंध फक्त कानांचा. बोटं नोटा मोजण्यात गेली. लोकलमध्ये इयरफोन घालून मी शोपाँचे मझुर्के ऐकतो. मझुर्का हा मुळात पोलंडचा लोकनाच, तीन मात्रांचा. १८१० साली तिकडे जन्मलेल्या आणि १८४९ साली पॅरिसमध्ये वारलेल्या शोपाँनं असे पन्नासहून अधिक मझुर्के लिहिले. बहुतेक दोन-चार मिनिटांचे. मुलुंड सुटताना सुरू केला, की ठाण्याला संपतो. बीथोव्हनच्या सिंफनीत ही सोय नाही.

आता तीन मात्रा म्हणजे तीन, असं कॉमर्सवाल्याला वाटणारच. पण मझुर्का वाजवणारा एखादी मात्रा लांबवतो, दुसरी आखडतो. याला इटालियनमध्ये ‘रुबातो’ म्हणतात. अर्थ ‘चोरलेला’. म्हणजे चोरलेला वेळ! बाकी कुठल्या धंद्यात चोरी अशी नाव देऊन शिकवत असतील, असं मला वाटत नाही. खुद्द शोपाँवरही हा आळ आला होता. त्याच्या एका शिष्यानं लिहून ठेवलंय, की धडा चालू असताना संगीतकार मायरबेअर आले आणि ऐकून म्हणाले, ‘ही तर दोन मात्रांची चाल!’ शोपाँ भडकला. पेन्सिलीनं ठोके देत त्यानं तीन-तीन मोजून दाखवले. तरी मायरबेअर आपल्या दोनांवर ठाम. कॅशियर आणि ऑफिसर यांची बेरीज न जुळण्याची परंपरा अशी जुनी आहे.

तर या चोरलेल्या वेळातच वादकाची सही असते. कागदावरचे सूर सगळ्यांना सारखेच, जसा चेकचा फॉर्म सगळ्यांना सारखा.

आर्थर रुबिनस्टाइनचंच घ्या. १८८७ सालचा जन्म. या गृहस्थानं मझुर्क्यांचा संच तीनदा रेकॉर्ड केला: १९३८-३९, १९५२-५३ आणि १९६५-६६. पहिल्या वेळी पन्नाशी ओलांडलेली, शेवटच्या वेळी ऐंशीला टेकलेला. पहिल्या संचात नाचायला उठलेला माणूस दिसतो. तिसऱ्यात तोच माणूस खुर्चीवर बसून पोरांचा नाच बघतो आहे, असं वाटतं. सही तीच, हात मात्र सावकाश.

एका रविवारी मी हे तिन्ही संच पाठोपाठ लावले. सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘‘अहो, तेच तेच किती वेळा?’’

‘‘तेच नाही गं. आधी एकोणीसशे अडतीसचं होतं, आता पासष्टचं आहे.’’

‘‘माझी आमटीसुद्धा रोज वेगळी होते,’’ ती म्हणाली, ‘‘तिची नाही कुणी रेकॉर्ड काढत.’’

बाकीच्यांच्या सह्याही अशाच. क्राकोकडचा इग्नाझ फ्रीडमन मझुर्का असा वाजवतो, की पायात बूट आहेत आणि फरशी लाकडाची आहे, हे कळतं. फ्रान्सचा आल्फ्रेड कोर्तो तर सुरांऐवजी त्यांच्या शेजाऱ्यांनाही बोट लावून जाई. तेव्हा रेकॉर्ड मेणाच्या तबकडीवर कोरली जायची, एका बाजूला चार-साडेचार मिनिटं. मधेच कापून जोडायची सोय नाही. चूक खपवून घ्या, नाहीतर आख्खी बाजू पुन्हा वाजवा. कोर्तोच्या चुका तशाच राहिल्या, आणि त्या डागांसकट लोक अजून त्याला जपतात.

पुढे टेपची फीत आली आणि तिच्याबरोबर कात्रीही आली. व्लादिमिर हॉरोविट्झ बारा वर्षांच्या खंडानंतर ९ मे १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बसला. काही सूर चुकले. त्या मैफलीची जी रेकॉर्ड निघाली, तिच्यात काही जागा नंतर दुरुस्त केलेल्या होत्या. दुरुस्तीशिवायची मैफल बाजारात आली ती २००३ साली. खाडाखोड केलेला चेक आम्ही आता घेत नाही, पण रेकॉर्डचं क्लिअरिंग तेव्हा जरा सैल होतं. शिवाय खाडाखोड त्याच्याच हातची होती, म्हणून मी ती मनातल्या मनात पास करतो.

दुसऱ्याच्या हातचं असेल तर?

इंग्लंडमध्ये जॉइस हॅटो नावाच्या पियानोवादक होत्या, जन्म १९२८. १९७०च्या दशकात त्यांनी जाहीर मैफली थांबवल्या. २००६ साली त्या कॅन्सरनं गेल्या. पण शेवटच्या वर्षांत, नवऱ्याच्याच कंपनीतून, त्यांच्या नावानं शंभराहून अधिक सीडी निघाल्या. शोपाँ, लिस्ट, राखमानिनोव्ह, काहीच सोडलं नाही. ऐकणारे थक्क झाले. आजारी म्हातारी बाई, मैफल नाही, गाजावाजा नाही, आणि हे वादन! ऑर्केस्ट्राच्या साथीच्या सीडींवर रेने कोहलर नावाचे कंडक्टर होते. आमच्याकडे ओळखीच्या कागदपत्रांशिवाय बचत खातं उघडत नाही. या कोहलरसाहेबांनी मोठमोठे कन्चेर्तो पार पाडले, आणि शोधायला गेल्यावर असा इसमच जगात निघाला नाही.

फुगा फुटला फेब्रुवारी २००७ मध्ये. एका श्रोत्यानं त्यांची लिस्टच्या अवघड एत्यूदांची सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली. कॉम्प्युटर सीडी ओळखतो तो गाणं ऐकून नव्हे. तो प्रत्येक तुकड्याची लांबी बघतो, आणि सीडीवरची लांबी सेकंदाच्या पंचाहत्तराव्या हिश्शापर्यंत मोजलेली असते. पडद्यावर नाव उमटलं, लास्लो सिमोन! तज्ज्ञांनी आवाजाचे आलेख एकावर एक ठेवले, तर ते जुळले. त्याच सुमारास लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजात शोपाँच्या मझुर्क्यांच्या रेकॉर्ड्सवर संशोधन चालू होतं. कोण कुठली मात्रा किती लांबवतो, याचं मोजमाप. एवढ्या वादकांत दोन नावांच्या रेषा एकमेकींवर बसल्या: हॅटो आणि युजेन इंजिच. तीच बोटं, तोच चोरलेला वेळ. इतरही अनेकांच्या सीडी अशाच उचललेल्या निघाल्या. काहींची गती थोडी बदलली होती, ओळखू येऊ नये म्हणून.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. शेवटी आमच्याच टेबलाची पद्धत कामाला आली! तंतोतंत जुळली, म्हणूनच खोटी ठरली.

नवऱ्यानं, विल्यम बॅरिंग्टन-कूप यांनी, आधी इन्कार केला. मग सिमोनच्या सीडी काढणाऱ्या कंपनीच्या मालकाला पत्र लिहून कबुली दिली. म्हणणं असं, की वाजवताना बायको वेदनेनं कण्हायची. ते कण्हणं झाकायला त्यांनी दुसऱ्यांच्या वादनाचे छोटे तुकडे जोडले, मग तुकडे मोठे होत गेले. अफरातफरीच्या चौकशीत माणसं हेच सांगतात. सुरुवात नेहमी छोट्या रकमेपासून आणि घरच्या आजारपणापासून होते. ऐकताना वाईट वाटतं, आणि तरीही रक्कम वसूल करावीच लागते.

ज्यांनी त्या सीडी ऐकून डोळे पुसले, त्यांना मी हसणार नाही. वादन चांगलंच होतं. दाद खरी होती. ती भलत्या खात्यात जमा झाली, एवढंच. सिमोन, इंजिच वर्षानुवर्षं आपल्या नावानं वाजवत होते, तेव्हा इतकी गर्दी त्यांच्या काउंटरवर नव्हती. तेच सूर आजारी बाईच्या नावावर गेले आणि रांग लागली. आपण कानांनी कमी आणि पाकिटावरचा मजकूर वाचून जास्त ऐकतो की काय, अशी शंका मला तेव्हापासून आहे.

मी सौ.ला ही हकीकत सांगितली. नवऱ्याच्या प्रेमाचा भाग जरा रंगवूनच सांगितला. तिनं निवडत असलेली मेथी खाली ठेवली.

‘‘पण तिचं स्वतःचं वाजवणं कुठं गेलं?’’

मला उत्तर सुचेना. कण्हण्यासकट जे वाजलं असेल, ते तिचं होतं. नवऱ्यानं नेमकं तेच पुसलं. आता तिच्या नावावर एखादा खरा सूर असला, तरी कुणी विश्वास ठेवत नाही. लबाडीचा सगळ्यात मोठा फटका खातेदाराच्या सहीलाच बसला.

तरी खात्यात एक जुनी, स्वच्छ नोंद आहे. इंग्रज संगीतकार आर्नल्ड बॅक्स यांचं ‘सिंफनिक व्हेरिएशन्स’, १९७० सालचं रेकॉर्डिंग, गिल्डफर्ड फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा, कंडक्टर व्हर्नन हँडली. हा कंडक्टर मात्र खराखुरा. परवा मी ते लावलं. पियानोवर हॅटोबाईच आहेत. मझुर्का नाही, त्यामुळे ठाणं गेलं, कळवा गेलं, तरी संपेना. मी शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या कुणाच्या सहीशी जुळत नव्हतं.

पास केलं.